विदर्भातील थंडीत डिझेल व्हॅनसाठी इंजिन हीटर निवडताना

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन नुसते 'हीटर द्या' म्हटले, तर आपल्याकडे बहुतेक वेळा हातात हीटर प्लग पडतो. सिलिंडरमधील हवा काही सेकंदांसाठी तापवणारा हा ग्लो प्लग वेगळा आणि गाडी सुरू करण्यापूर्वी संपूर्ण इंजिन कोमट करून ठेवणारा इंजिन हीटर वेगळा. मात्र पहिला नादुरुस्त असेल, तर दुसऱ्यावर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून काटोल-वरुडच्या पट्ट्यातून संत्रा घेऊन पहाटे चारला नागपुरातील कळमन्याच्या बाजाराकडे निघणाऱ्या व्हॅनमालकाने खरेदीआधी आपल्या गाडीचे दुखणे नेमके कोणते आहे, ते पाहावे.

ते ओळखणे अवघड नाही. सेल्फ मारल्यावर इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या वायरींची टोके किंवा घट्ट झालेले ऑइल यांकडे पाहावे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी स्थिर असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन झपाट्याने फिरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण गाडी पेट घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचते आहे आणि ते पेटण्याइतकी उष्णता सिलिंडरमध्ये नाही. येथे आधी हीटर प्लग एकेक करून तपासावेत. जुन्या, प्रीचेंबर (डिझेल आधी जिथे पेटते ती सिलिंडरलगतची छोटी पोकळी) असलेल्या इंजिनांचे तर हीटर प्लगवाचून थंडीत पानही हलत नाही. धूरच येत नसेल, तर डिझेल पुढे जात नाही असे समजावे. त्यामागे लाइनमध्ये शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा डिझेलमधील मेण असू शकते. भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रवाहबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली ते वाहीनासे होते ते तापमान, हिवाळ्यात कमाल 3 अंश आणि उन्हाळ्यात 15 अंश सेल्सिअस चालतो. त्यामुळे मे महिन्यात कॅनमध्ये भरून ठेवलेले डिझेल डिसेंबरात वापरणे टाळलेलेच बरे.

गोंदिया, नागपूर किंवा चिखलदऱ्याच्या परिसरात पारा पाच-सात अंशांवर येतो, तेव्हा आपल्याला हुडहुडी भरते. निरोगी डिझेल इंजिनाला मात्र ही थंडी असह्य नसते. इंजिन ऑइलच्या 15डब्ल्यू40 या श्रेणीची थंडीतील चाचणी उणे 20 अंशांवर होते, हे ध्यानात घेतले, तर येथे ऑइलवर दोष ढकलण्यापूर्वी ते शेवटचे कधी बदलले, हे आठवून पाहावे. पेट्रोल आणि सीएनजी व्हॅनला या भागात इंजिन हीटर घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुने, कॉम्प्रेशन थोडे उतरलेले डिझेल इंजिन, उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि रोज पहाटेची फेरी, अशा तीन गोष्टी जुळल्या तरच त्याचा विचार करावा.

विजेवर चालणाऱ्या हीटरचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला ब्लॉकवरील कोअर प्लग, म्हणजे वाटीसारखे गोल झाकण, काढून त्या जागी बसतो. तो सर्वांत परिणामकारक असला, तरी माप इंजिनागणिक बदलते. दुसरा रेडिएटरच्या होजमध्ये किंवा बाहेरच्या छोट्या टाकीत बसून कूलंट तापवतो. तो बसवणे सोपे आणि दुरुस्तीही आपल्या मिस्त्रीच्या आवाक्यातील. तिसरा ऑइल चेंबरच्या तळाला चिकटवायचा पॅड. त्याने ऑइल पातळ होते, पण सिलिंडरला फारशी ऊब मिळत नाही. शिवाय चुंबकाचा पॅड ॲल्युमिनियमच्या चेंबरला चिकटत नाही, हे अनेकांना घरी आल्यावर कळते. आपल्याकडील वापरासाठी मी दुसरा प्रकार निवडीन.

किती वॅटचा घ्यावा, हे ठरवताना गावातील व्होल्टेज विसरू नये. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. रब्बीचे पंप चालू असताना घरातील दाब 230 वरून 180 वर आला, तर 1000 वॅटचा हीटर जेमतेम 610 वॅट देतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला 500 ते 750 वॅट प्रत्यक्ष मिळाले, तर दोन-अडीच तासांत ते पुरेसे कोमट होते. रात्रभर हीटर चालवणे म्हणजे वीज वाया घालवणे. त्यामुळे टायमर घ्यावाच. 600 वॅटचा हीटर अडीच तास चालला, तर दीड युनिट पडते. तीन पिनचा प्लग, खरोखर जमिनीत गेलेले अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, यांत काटकसर नको. दवाने भिजलेल्या अंगणात लोखंडी गाडीला विजेची वायर जोडायची आहे.

आणखी एक अडचण आपल्या पाण्याची. अनेक गाड्यांत कूलंटऐवजी बोअरचे क्षारयुक्त पाणी असते. हीटरच्या कांडीवर त्याचे कीट बसते आणि ती जळते. सिस्टीम धुऊन, कूलंट भरून, हवा पूर्ण काढल्यावरच हीटर सुरू करावा. कोरडा राहिलेला हीटर लगेच जळू शकतो.

जेथे गाडी उभी राहते तेथे वीजच नाही किंवा जी व्हॅन प्रवासी घेऊन हिमाचल-लडाखकडे जाते, तिला डिझेल जाळून चालणारा हीटर हवा. खरेदी करताना तो कूलंट तापवणारा असल्याची खात्री करावी. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे बरेचसे डिझेल हीटर केवळ आतील हवा तापवतात आणि इंजिन तसेच थंड राहते. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून बंद शेडमध्ये तो कधीही चालवू नये.

चेंबरखाली शेकोटी पेटवण्याची किंवा हवेच्या नळीत ईथरचा फवारा मारण्याची सवय मात्र सोडावी. तापलेल्या हीटर प्लगवर ईथरचा भडका उडून पिस्टन फुटू शकतो.

हीटर बसवल्यावर वायर रेडिएटरच्या पंख्यापासून दूर बांधावी आणि गाडीची किल्ली रात्री त्या प्लगच्या बोर्डाजवळच्या खिळ्याला टांगावी. मी स्वतः एकदा पाच मीटर वायर ओढत फाटकापर्यंत गेल्यावर तो खिळा ठोकला.