रस्टमध्ये जेनेरिक कोड कसा मांडावा

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत एकच कोड अनेक टाइपांना चालावा म्हणून तो जेनेरिक करतात; पण सुरुवातीलाच ‘टी’ (कोणत्याही टाइपची जागा धरणारं नाव) लिहायला घेऊ नका. फंक्शन आधी एका ठरावीक टाइपसाठी लिहा, टेस्ट पास करा आणि दुसरा खराखुरा टाइप समोर आला की मगच जेनेरिक करा. एकाच टाइपकडे बघून बेतलेलं ट्रेट (टाइपला काय काय करता यायला हवं याची यादी) दुसऱ्याच्या अंगाला सहसा बसत नाही.

बाउंड (‘टी’कडे अमुक ट्रेट हवंच ही अट) स्ट्रक्टवर, म्हणजे डेटाच्या रचनेवर नकोत; इम्प्ल ब्लॉकवर, म्हणजे तिच्या मेथड लिहितात तिथे हवेत. स्टँडर्ड लायब्ररीतला हॅशमॅप बघा: की-ला हॅश आणि ईक्यू (समानता) हे बाउंड लागतात, पण स्ट्रक्टच्या व्याख्येत ते नाहीत. इन्सर्ट आणि गेट ज्या ब्लॉकमध्ये आहेत तिथेच ते आहेत. न्यू (नवा मॅप बनवणं) किंवा लेनला (नोंदी मोजणं) त्यांची गरजच नाही. स्ट्रक्टवर बाउंड टाकलात, की त्याचं नाव येईल त्या प्रत्येक इम्प्लमध्ये आणि जेनेरिक फंक्शनमध्ये तोच पुन्हा लिहावा लागतो. नेहमी भेटणारा अपवाद असा: फील्डमध्येच असोसिएटेड टाइप (ट्रेट लागू करताना त्यासोबत ठरणारा टाइप) साठवायचा असेल तर, जसा पीकेबलमध्ये (पुढचा घटक आधी डोकावून बघू देणारा इटरेटर) इटरेटरचा आयटम.

खरी गफलत तयार प्रोग्रॅमच्या आकाराची होते. कंपायलर वापरलेल्या प्रत्येक टाइपसाठी फंक्शनची वेगळी प्रत काढतो. फाइल वाचणारं 80 ओळींचं फंक्शन ‘एएसरेफ पाथ’ (ज्यातून पाथचा संदर्भ मिळतो असा कोणताही टाइप) घेत असेल आणि ते स्ट्रिंग, स्ट्रिंगचा संदर्भ व पाथबफ अशा तिघांनी बोलावलं, तर त्या 80 ओळी तीनदा कंपाइल होतात. त्यापेक्षा बाहेरचं जेनेरिक फंक्शन एका ओळीचं ठेवा: एएसरेफ करून पाथचा संदर्भ आतल्या साध्या फंक्शनला द्या. स्टँडर्ड लायब्ररीच्या एफएस (फाइलींच्या) मॉड्यूलमधलं रीड हेच करतं. आतलं मात्र ‘एफएन’ने लिहिलेलं साधं फंक्शनच हवं, क्लोजर (भोवतालची नावं वापरू शकणारं निनावी फंक्शन) चालणार नाही. क्लोजर बाहेरचा ‘टी’ सोबत घेऊन येतं आणि त्याच्याही प्रती निघतात. आतल्या एफएनमध्ये चुकून ‘टी’ वापरलात तर ई0401 ही एरर येते. ती इथे राखणदारच समजा.

कुठलं फंक्शन फुगलंय याचा अंदाज बांधत बसू नका. कार्गो-एलएलव्हीएम-लाइन्स हे टूल चालवा, ते फंक्शनागणिक ओळी आणि प्रती मोजून देतं. वरच्या चार-पाच नावांपुरतंच काम करा.

ट्रेटला पॅरामीटर द्यायचा की असोसिएटेड टाइप? एका टाइपसाठी उत्तर एकच असेल तर असोसिएटेड टाइप, जसा इटरेटरचा आयटम. अनेक असतील तर पॅरामीटर: स्ट्रिंग ही ‘चार’ (एका अक्षराचा टाइप, कॅरेक्टर) पासूनही बनते आणि स्ट्रिंगच्या संदर्भापासूनही, म्हणून फ्रॉमला (एका टाइपपासून दुसरा बनवणारं ट्रेट) पॅरामीटर आहे. उगाच पॅरामीटर दिलात, तर टाइप लिहून द्या म्हणून कंपायलर अनेकदा कॉलपाशी अडून बसतो.