मध्ययुगीन इंग्लिश चर्चचे वय कसे ओळखावे
नागपूरहून इंग्लंडला जाणाऱ्याने खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये मनोऱ्याआधी खिडक्या पाहाव्यात. जाड भिंतीतली अरुंद, अर्धवर्तुळाकार कमानीची खिडकी बहुधा नॉर्मन काळातली, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतरची असते. टोकदार कमान साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीस येते, आणि उभ्या दगडी पट्ट्या थेट माथ्यापर्यंत चढणारी रुंद खिडकी चौदाव्या शतकाच्या मध्यानंतरची समजावी. एकाच भिंतीत तिन्ही आढळल्यास गोंधळू नये, कारण ही चर्चे पिढ्यानपिढ्या वाढत गेली. उलट सगळेच एकसारखे दिसले, तर एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराची शंका घ्यावी. चुन्याखालून डोकावणारी भित्तिचित्रे बहुधा १५३४ पूर्वीची, म्हणजे इंग्लिश चर्चने रोमच्या पोपशी फारकत घेण्याआधीची असतात. सरावासाठी नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रल पाहावे; ते ब्रिटिशकालीन आहे, मध्ययुगीन नव्हे.