मॉनिटरची उंची खुर्चीपासून ठरवावी

अक्षरजुळणीच्या कामात रोज आठ-नऊ तास संगणकासमोर बसणाऱ्यांची मान संध्याकाळपर्यंत आखडते, आणि मग पहिला उपाय म्हणून मॉनिटरखाली कागदाचे एखादे रीम सरकवले जाते. त्याने कधी बरे वाटते, पण पुष्कळदा दुखणे वाढते. स्क्रीन किती उंच हवी हे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असते आणि डोळे किती उंचीवर येतील हे खुर्ची ठरवते, त्यामुळे खुर्ची नीट लावण्याआधी मॉनिटरला हात लावला तर तेच काम पुन्हा करावे लागते.

म्हणून आधी खुर्ची. पाठ पूर्ण टेकवून बसावे, खांदे सैल सोडावेत आणि कोपर काटकोनात दुमडल्यावर बोटे कीबोर्डवर सहज येतील इतकी खुर्ची वर किंवा खाली करावी. बाजारात मिळणारी बहुतेक टेबले सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट उंचीची असतात. पाच फूट किंवा त्याच्या आसपास उंची असलेल्या व्यक्तीला या टेबलासाठी खुर्ची इतकी वर घ्यावी लागते की पाय अधांतरी राहतात आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. पाय टेकावेत म्हणून खुर्ची पुन्हा खाली केली, तर खांदे उचलून टंकन करावे लागते. खुर्ची आहे तिथेच ठेवून पायांखाली कमी उंचीचे स्टूल किंवा लाकडी ठोकळा घ्यावा.

आता डोळ्यांची उंची मोजावी. यासाठी दुसऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी, कारण टेप धरायला स्वतः वाकले की माप चुकते. नेहमीसारखे सैल बसावे. फोटो काढताना ताठ बसतो तसे बसू नये. समोर सरळ पाहावे आणि टेबलाच्या पृष्ठभागापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर शिवणकामाच्या टेपने घ्यावे. समजा, हे अंतर ४४ सेंटिमीटर आले. स्क्रीनची वरची कड या रेषेत किंवा तिच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली यायला हवी. नेहमीच्या रुंद आकाराच्या २४ इंची मॉनिटरची दिसणारी स्क्रीन सुमारे ३० सेंटिमीटर उंच असते. म्हणजे तिची खालची कड टेबलापासून ११ ते १४ सेंटिमीटरवर ठेवावी. २७ इंची स्क्रीन साडेतेहतीस सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणून ती आणखी खाली घ्यावी लागते. स्टँड वर-खाली होत नसेल तर पाचशे कागदांचे एक रीम साधारण पाच सेंटिमीटरची उंची देते. मात्र माप ठरल्यावर त्या जागी घट्ट, न डगमगणारी फळी बसवावी.

वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवली की स्क्रीनचा मध्य आपोआप नजरेखाली येतो. हात लांब करून पोहोचेल एवढ्या, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या आसपासच्या अंतरावरून २४ इंची स्क्रीनच्या मध्याकडे पाहताना नजर सुमारे १५ अंश खाली झुकते, आणि वाचताना नजरेला हाच झुकाव मानवतो. स्क्रीन याहून वर गेली तर हनुवटी उचलली जाते, मानेच्या मागच्या बाजूचे स्नायू आखडून राहतात आणि पापण्या जास्त उघड्या राहिल्याने डोळ्यांतला ओलावा लवकर उडतो. फार खाली गेली तर साडेचार-पाच किलो वजनाचे डोके पुढे झुकते आणि त्याचा भार मानेवर येतो. या दोन चुकांपैकी वर ठेवण्याची चूक मला अधिक त्रासदायक वाटते. मी स्वतः कित्येक वर्षे सीपीयूच्या आडव्या कॅबिनेटवर मॉनिटर ठेवून काम केले. तो खाली टेबलावर उतरवला तेव्हाच डोळ्यांची चुरचुर कमी झाली.

ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी वरचा नियम जसाच्या तसा लावू नये. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत असली की अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून माणूस नकळत मान मागे टाकतो. अशा व्यक्तीने नेहमीचा मजकूर उघडून वाचत राहावे आणि हनुवटी न उचलता स्क्रीनची वरची ओळ स्वच्छ दिसेपर्यंत मॉनिटर थोडा थोडा खाली घ्यावा. मग त्याची वरची बाजू किंचित मागे कलती करावी, म्हणजे स्क्रीन नजरेला काटकोनात येते. स्टँडच इतका उंच असेल की हे जमत नाही, तर फक्त संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेणे उत्तम. चष्मा करायला जाताना डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंतचे अंतर मोजून न्यावे आणि तो आकडा तपासणाऱ्याला सांगावा.

उंची बरोबर असूनही मान दुखत असेल तर अक्षरांचा आकार पाहावा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो. बारीक अक्षरात ‘र्वे’ आणि ‘र्वें’ यांतला फरक म्हणजे एक ठिपका, आणि तो ठिपका सुटू नये म्हणून मुद्रिते तपासणारा माणूस स्क्रीनकडे सरकत जातो. मॉनिटर जवळ ओढण्याऐवजी पान १२५ किंवा १५० टक्के मोठे करावे. पाठ टेकलेली असताना अनुस्वार सहज दिसला पाहिजे, ही माझी कसोटी आहे.

हस्तलिखितावरून टंकन करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. कागद टेबलावर डावीकडे आडवा पडलेला असतो आणि मान दिवसातून शेकडो वेळा खाली व बाजूला वळते. कागद उभा धरणारा स्टँड घेऊन तो स्क्रीनला लागून, तिच्याच उंचीवर आणि तेवढ्याच अंतरावर ठेवावा. नजर स्क्रीनपेक्षा कागदावर अधिक वेळ राहत असेल, तर कागद समोर आणि मॉनिटर बाजूला ठेवणे योग्य.

मॉनिटर बंद करून काळ्या काचेत पाहावे. खिडकी किंवा ट्यूबलाइट तिच्यात दिसत असेल तर टेबल असे फिरवावे की खिडकी बाजूला येईल. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहावे आणि तेव्हा पापण्यांची मुद्दाम उघडझाप करावी, कारण स्क्रीन वाचताना त्या कमी वेळा मिटतात. मानेच्या दुखण्याबरोबर हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर होत असतील, तर मॉनिटर हलवत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

घरात एकाच संगणकावर दोघे काम करत असतील आणि स्टँड वर-खाली होत नसेल, तर मॉनिटरची उंची दोघांपैकी ज्याचे डोळे खाली येतात त्याच्या मापाने ठेवावी. दुसऱ्याला नजर थोडी अधिक झुकवावी लागेल, पण स्क्रीन किंचित मागे कलती केली की ते निभते.