जुन्या प्लेस्टेशनला चिप बसवताय? आधी या चुका टाळा

पहिल्या प्लेस्टेशनला चिप बसवणं मुळात अवघड काम नाही. आठ पायांची चिमुकली चिप, चार-सहा वायर, हाताला थोडी सवय असली की एका संध्याकाळी होतं. तरीही या कामात मेलेली मशीन्स माझ्या टेबलावर येतच राहतात. वैताग याचा, की बिघाड नवे नसतात. तेच ते, त्याच क्रमानं, आणि बरोबर तेच वाक्य: "काका, चिप डुप्लिकेट निघाली वाटतं."

चिप बहुतेक वेळा बरी असते.

ती करते काय, एवढं तरी आधी समजून घ्या. सोनीच्या मूळ सीडीवर अगदी आतल्या भागात, डेटा सुरू व्हायच्या आधी, खाच मुद्दाम किंचित डुलती ठेवलेली असते. त्या डुलण्यात चार अक्षरं लपलेली: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. घरचा सीडी रायटर हे डुलणं लिहूच शकत नाही. मशीनला आपल्या प्रदेशाची अक्षरं मिळाली नाहीत, तर सीडी नाकारली जाते. चिप ती अक्षरं स्वतः पाठवते, म्हणून घरी लिहिलेली किंवा दुसऱ्या प्रदेशाची सीडीही स्वीकारली जाते, बस्स. ती लेन्स सुधारत नाही, टीव्हीवरचे रंग सुधारत नाही आणि हलक्या दर्जाची सीडी वाचायला मदत करत नाही. हे डोक्यात पक्कं बसलं तर पुढची निम्मी भांडणं मिटतात.

मशीन न ओळखताच सोल्डरिंगची इस्त्री तापवणं

खालचा स्टिकर वाचून आकृती शोधायची आणि थेट डाग द्यायला बसायचं, ही सगळ्यांची आवडती घाई. स्टिकर अंदाज देतो, खात्री नाही. साधारणपणे ५५०२ मॉडेलमध्ये पीयू-१८ बोर्ड, ७००२ मध्ये पीयू-२०, ७५०२ मध्ये पीयू-२२ आणि ९००२ मध्ये पीयू-२३. १०२ म्हणजे लहान गोल पीएस वन, त्यात पीएम-४१. पण आपल्याकडची मशीन्स गेली वीस-पंचवीस वर्षं दुकानांतून दुकानांत फिरलेली आहेत. एकाची बॉडी, दुसऱ्याचा बोर्ड, तिसऱ्याचा पॉवर सप्लाय. मागे पॅरलल पोर्टचं भोक आहे आणि आत पीयू-२३ बोर्ड, ज्याला तो पोर्टच नसतो, असं मशीनही मी पाहिलंय. नंबर बोर्डावर छापलेला असतो. तो वाचायचा, फोटो काढायचा, मग आकृती उघडायची.

याहून वाईट म्हणजे आधीच चिप असलेल्या मशीनला दुसरी चिप बसवणं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुबई-सिंगापूरहून आलेली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास विकली गेलेली कितीतरी मशीन्स गिऱ्हाइकाच्या हातात पडतानाच चिपसकट असायची. साताऱ्याच्या एका कॉलेजच्या पोरानं अशाच मशीनमध्ये नवी चिप घातली. डाग सुरेख, वायर नीट वळवलेल्या, मला मनापासून कौतुक वाटलं. पण गेम कधी लागायचे, कधी नाही. त्यानं चिप दोनदा बदलली. बोर्ड उलटा केला, तर पिवळ्या पडलेल्या टेपखाली जुनी चिप निवांत बसलेली. दोघी एकाच ओळीवर एकाच वेळी बोलत होत्या, ऐकणाऱ्याला अक्षर लागेल कसं? जुनी काढली, नवी चालू झाली. त्यानं बोर्डाची वरची बाजू पाहिली होती, खालची पाहायचे कष्ट घेतले नव्हते.

ही जुनी चिप काढण्यामागे आणखी एक कारण आहे. त्या काळच्या साध्या चिप अक्षरं सतत पाठवत राहायच्या. पुढे काही गेम हुशार झाले. जिथे अक्षरं येऊच नयेत अशा वेळी तपासायचे आणि आली की मशीनशी छेडछाड झाल्याचा संदेश दाखवून थांबायचे. नंतरच्या चिप सुरुवातीला बोलून गप्प बसतात. तेव्हा "आधीचीच आहे की, चालतंय ना" म्हणून जुनी ठेवू नका.

माझी सवय सांगतो. मशीन हातात आलं की स्क्रू काढायच्या आधी त्याच्या स्वतःच्या प्रदेशाची एक मूळ सीडी लावतो, तिचे व्हिडिओ पूर्ण चालू देतो. मग एक रायटरवर लिहिलेली सीडी. मूळ चालली आणि लिहिलेली नाकारली, तर मशीन धड आहे आणि चिप नाही. लिहिलेलीही चालली, तर आत कुणीतरी आधी जाऊन आलंय. मूळच अडखळली, तर चिपचा विषय बंद, आधी लेन्सकडे बघायचं. हे करायचा कंटाळा असलेल्यांनी या नादी लागू नये.

लेन्सच्या प्रीसेटला हात लावणं

आता माझा खरा राग. लेन्सच्या बाजूला स्क्रूड्रायव्हरनं फिरणारा एक बारका प्रीसेट असतो. त्यानं लेसरला मिळणारा करंट कमी-जास्त होतो. कुठल्यातरी व्हिडिओत कुणीतरी तो जरासा फिरवतो, न चालणारी सीडी चालायला लागते, खाली "धन्यवाद भाऊ"ची रांग. तोच लेसर पुढच्या महिन्यात मेला हे सांगायला मात्र कुणी परत येत नाही.

चिंचवडच्या एका मुलाची गोष्ट. मामानं दुबईहून आणलेलं ७५०२, घरात एकाच मालकाकडे राहिलेलं, अस्सल. त्यानं चिप बसवली, मूळ सीडी चालत होती, लिहिलेल्या अडकत होत्या. कारण साधं होतं: सीडी-आर मूळ छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते, त्यात यानं आणलेल्या सीडी सगळ्यात स्वस्त, रायटर सर्वांत जास्त वेगावर. यानं प्रीसेट फिरवला. सगळं चालायला लागलं, घरात पेढे वाटायचेच बाकी. पंधरा-वीस दिवसांनी लिहिलेल्या सीडी बंद, मग मूळही बंद. लेसर जास्त करंट खाऊन गेला होता.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. त्यानं ऑनलाइन नवी लेन्स मागवली. बसवली, सीडी हलेना. मग त्यानं काय करावं? नव्या लेन्सचाही प्रीसेट फिरवला! मग माझ्याकडे आला. लेन्सच्या पट्टीवर पाहिलं, तर खसखशीच्या दाण्याएवढा सोल्डरचा थेंब दोन बिंदूंना जोडून बसलेला. अंगातल्या स्थिर विजेनं लेसर जळू नये म्हणून नवी लेन्स असा थेंब टाकून शॉर्ट करून पाठवतात. बसवल्यावर तो काढायचा असतो. क्रमही महत्त्वाचा: आधी पट्टी कनेक्टरमध्ये, मग इस्त्रीच्या टोकानं थेंब उचलायचा. थेंब होता म्हणून नवा लेसर कधी पेटलाच नव्हता, त्यामुळे वाचला. पण कंपनीनं लावलेली प्रीसेटची जागा गेली ती गेलीच. आधी मल्टिमीटरनं रेझिस्टन्स मोजून कागदावर लिहिला असता तर परत तिथे आणता आला असता. तो कागद नव्हता, आणि मग आम्ही दोघं केसाएवढं फिरव, सीडी लाव, परत केसाएवढं फिरव, असं करत बसलो.

वाचत नसेल तर माझा क्रम असा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस लेन्सवर हलक्या हातानं. मग रेल्सवरचं वाळलेलं ग्रीस पुसून नवं पांढरं ग्रीस, अगदी किंचित. मग वेगळ्या ब्रँडची सीडी-आर. मग लेन्सच बदलायची. प्रीसेट माझ्या यादीत नाही. १००२ सारख्या अगदी पहिल्या मशीन्सच्या बोर्डावर बायस आणि गेनचेही प्रीसेट आहेत, पीयू-१८ पासून ते काम मशीन आपलं आपण करतं. त्या जुन्या मशीन्समध्ये लेन्सची प्लॅस्टिकची घसरगाडी सप्लायच्या उष्णतेजवळ असते, ती झिजली की सीडी अडकते, म्हणून लोक मशीन उलटं ठेवून खेळायचे. झिजलेल्या प्लॅस्टिकला प्रीसेट काय करणार?

जपानी मशीन थेट आपल्या प्लगमध्ये

नातेवाईक जपानहून मशीन आणतात, मागची दोन पिनांची वायर आपल्याकडच्या टेपरेकॉर्डरच्या वायरसारखीच, अगदी बरोबर बसते. बसते म्हणून लावतात. जपानी सप्लाय १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० चा, आपल्या भिंतीत २३०. रेक्टिफायरनंतर, म्हणजे एसीचं डीसी झाल्यावर, ते सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जातं आणि आतला मोठा कॅपॅसिटर तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. फट्. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा त्याच बोर्डाला चालणारा २३० चा सप्लाय बसवा. आणि सप्लाय उघडलात तर वायर काढल्या काढल्या बोट घालू नका, तो कॅपॅसिटर काही वेळ भरलेला असतो.

"चिप बसवली, पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट"

हा चिपचा दोष नाही. युरोपचं मशीन अमेरिकी किंवा जपानी गेम ६० हर्ट्झवर चालवतं, पण त्याच्या आतला क्रिस्टल पाल या युरोपी रंगपद्धतीसाठीचा असतो. पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर, अमेरिका-जपानच्या एनटीएससीचा ३.५८ वर. टीव्हीला रंगाची ओळख पटत नाही, मग राखाडी चित्र किंवा पट्टे. परदेशातले लोक सरळ "आरजीबी स्कार्ट वापरा" म्हणून मोकळे होतात, म्हणजे लाल-हिरवा-निळा रंग वेगवेगळा नेणारा युरोपी टीव्हीचा सॉकेट. आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्ट कुठे असतो! इथे दोनच मार्ग: आरजीबी घेणारा कन्व्हर्टर, नाहीतर दोन्ही फ्रिक्वेन्सी देणारा ऑसिलेटर बोर्ड. मी दुसरा पसंत करतो, एकदा बसवला की विसरायचा.

किरकोळ, पण रोजच्या

एटीटाइनी-८५ या कोऱ्या मिळणाऱ्या चिपमध्ये स्वतः प्रोग्रॅम भरताय? कोरी चिप कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर येते. फ्यूज (चिपच्या आतलं सेटिंग) बदलून ८ वर आणली नाहीत, तर ती अक्षरं आठपट सावकाश बोलते आणि तुम्ही चिपवाल्याला शिव्या घालता. कोडमध्ये आपल्या मशीनचा प्रदेश निवडायलाही लोक विसरतात.

जपानी मशीन्स आणि पीएम-४१ वाल्या १०२ मध्ये बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम, तोही प्रदेश तपासतो. परदेशी गेमसाठी त्या वायर वेगळ्या जोडाव्या लागतात. "चार वायरमध्ये सगळं" हे तिथे लागू नाही.

वायर बारीक घ्या, रॅपिंगची ३० गेजची. जाड वायरचं वजनच ट्रॅक उखडतं. फ्लक्सला कंजूषी करू नका. इस्त्री एका जागी तीन सेकंदांवर टेकवायची नाही.

झाकण लावताना वायर आतल्या पत्र्याच्या शील्डखाली चेपते. स्क्रू पिळण्याआधी मल्टिमीटरचा बीप घेऊन बघा.

सीडी लिहिताना ट्रॅकची यादी असलेली .क्यू फाइल उघडा, नुसता डेटा असलेली .बिन नाही. संगीत गायब असल्याच्या तक्रारी बहुधा इथूनच येतात. वेग मी ८ किंवा १६ ठेवतो. तळ काळा असलेल्या सीडी शोधत फिरू नका, इन्फ्रारेडला तो काळा रंग आरपार आहे, वाचण्यात काडीचाही फरक पडत नाही.

झाकण उघडं ठेवून, स्विच कागदानं दाबून, फिरती सीडी हातानं बदलायची जुनी युक्ती सोडा. स्पिंडलची वाट लागते. आणि लेसर दिसत नाही म्हणून त्यात डोकावूही नका.

ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी

इस्त्री धरायचीच नसेल तर २०२१ पासून फ्रीपीएसएक्सबूट आहे. मुद्दाम बिघडवलेलं मेमरी कार्ड लावायचं, बायॉस ते वाचताना फसतो आणि तुमचा प्रोग्रॅम चालू होतो. मला हा मार्ग आवडतो. मात्र इथेही घाईच नडते. बायॉसची आवृत्ती आणि कार्डाचा स्लॉट यांना जुळणारीच प्रतिमा लागते, दुसऱ्याची उचलून चालत नाही. त्या कार्डावर मग गेम सेव्ह होत नाहीत, तेव्हा जुन्या सेव्ह असलेलं कार्ड या कामाला लावू नका. मेनू आला की कार्ड काढून घ्या. आणि सीडी ड्राइव्हचं कुलूप सॉफ्टवेअरनं उघडायची जी छुपी आज्ञा आहे, ती जपानी मशीन मानत नाही. तिथे चिपच.

स्वतः गेम लिहिणाऱ्यांची तक्रार वेगळी: "कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरवर चालतो, मशीनवर काळा पडदा." एम्युलेटर, म्हणजे मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, माफ करतो. सुरू होताना रॅम शून्यानं भरलेली देतो, खऱ्या मशीनच्या २ एमबीत सुरुवातीला कचरा असतो. चुकीच्या पत्त्यावरून शब्द वाचला तरी काही एम्युलेटर पुढे जातात, मशीनमधला खरा आर३००० प्रोसेसर तिथेच थांबतो. सीडीवर डेटा शोधायला लागणारा वेळही अनेक एम्युलेटर हुबेहूब धरत नाहीत. व्हेरिएबलना सुरुवातीची किंमत द्या, एम्युलेटरमध्ये कडक तपासणीची सेटिंग असेल तर ती चालू ठेवा, आणि प्रत्येक बदलाला एक सीडी जाळत बसण्यापेक्षा सिरियल पोर्टची केबल बनवा. मशीनवर युनिरॉम हा प्रोग्रॅम चालवून कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम थेट रॅममध्ये टाकता येतो.