बुद्धिबळाचं इंजिन लिहिताय? एंडगेममधल्या या चुका टाळा

कुणी स्वतः लिहिलेलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, दाखवायला आणलं की मी ओपनिंग बघतच नाही. थेट एंडगेम, म्हणजे मोजक्या सोंगट्या उरलेला डावाचा शेवट. पांढऱ्याला राजा, पांढऱ्या घरांवरचा उंट आणि एच-पट्टीवरचं, म्हणजे कडेच्या उभ्या ओळीतलं, प्यादं देतो, काळ्याचा एकटा राजा त्या ओळीच्या टोकाला, एच८ वर बसवतो आणि स्कोअर विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येतं +४ च्या वर, म्हणजे पांढरा चार प्याद्यांहून जास्त पुढे. डाव मात्र साफ बरोबरीचा. प्यादं जिथे वजीर होणार ते एच८ काळं घर आहे, उंट पांढऱ्या घरांवर फिरतो. कोपऱ्यातून राजाला हुसकावणार कोण? फार जवळ गेलात तर स्टेलमेट: शह नसताना राजाला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत.

हसू नका, माझ्याच इंजिनाने यात माती खाल्ली आहे. माझ्याकडे तोच उंट, जी आणि एच पट्टीवर दोन प्यादी. समोर फक्त घोडा. प्याद्याचा एक गुण, उंटाचे ३.३, घोड्याचे ३.२, म्हणजे मी २.१ ने पुढे. सावकाश खेळलं असतं तर डाव हातात होता. पण इंजिनाने जी-प्यादं आपण होऊन घोड्याच्या तोंडी दिलं, कारण घोडा परत मारल्यावर स्कोअर ४.३ दिसत होता! मग काय, कोपऱ्यातल्या राजाला पन्नास चाली प्रदक्षिणा.

चिडून मी त्याच रात्री एक ओळ घातली: उंट चुकीच्या रंगाचा (प्यादं वजीर होतं त्या घरावर पोचू न शकणारा) असेल तर स्कोअर शून्य. ही चूक पहिलीपेक्षा वाईट. पुढच्या सामन्यांत काळ्याचा राजा पार बी-पट्टीवर असायचा, प्यादं धावत जाऊन वजीर झालं असतं, आणि माझं इंजिन 'बरोबरी आहे' म्हणून त्या डावात शिरायलाच तयार नाही. बचावाचा राजा कोपरा गाठतो का, हे तपासल्याशिवाय शून्य लिहू नका. घाईत लिहिलेली एक ओळ शोधायला मला दोन रविवार लागले.

बाकी ठिकाणी मी शून्य लिहीतच नाही, स्कोअर आकसतो. स्टॉकफिश या नामवंत इंजिनाच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या मूल्यमापनात (स्कोअर ठरवणाऱ्या नियमांत) हेच होतं: स्कोअरला एक गुणक, पूर्ण वजन ६४, आणि डाव बरोबरीकडे झुकणारा असेल तसा तो गुणक खाली. प्यादी नसताना हत्ती विरुद्ध उंट किंवा हत्ती विरुद्ध घोडा हे डाव सहसा बरोबरीत सुटतात, तिथे गुणक अगदी लहान ठेवा. हत्ती-उंट विरुद्ध हत्ती हाही पुस्तकात बहुधा बरोबरीच, पण तो वाचवताना भलेभले चुकतात. शून्य लिहिलंत तर इंजिन जोर लावायचंच सोडून देईल. विरुद्ध रंगाच्या उंटांनाही (एकाचा पांढऱ्या घरांवर, दुसऱ्याचा काळ्या) हेच औषध.

दोन घोडे एकट्या राजावर जबरदस्तीने मात करू शकत नाहीत, हे सगळ्यांना पाठ असतं. बचावाकडे एक प्यादं असेल तर कधीकधी करू शकतात, हे एंडगेमचा अभ्यासक ट्रॉइट्स्कीने दाखवलं तरी कुणाला आठवत नाही.

"सिझिजी टेबलबेस जोडलं की झालं ना?" हा प्रश्न घाईवाल्यांचा. टेबलबेस म्हणजे थोड्या सोंगट्यांच्या प्रत्येक पोझिशनचं आधीच काढून ठेवलेलं अचूक उत्तर. सहा सोंगट्यांपर्यंतच्या फायलीच सुमारे १५० जीबी होतात, आणि वाट चुकते ती दहा-बारा सोंगट्या पटावर असताना. शिवाय टेबलबेसमधली प्रत्येक जीत जीत नसते. दोन उंट विरुद्ध घोडा जिंकता येतो, हे संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने १९८३ मध्ये संगणकावर दाखवलं. पण त्यात ६६ चालींपर्यंत लागू शकतात. पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी मागता येते; या नियमापुढे पन्नासच्या वर जाणारी जीत बरोबरीच धरा.

दुसरा गट म्हणतो, लाखो पोझिशन बघून स्कोअर द्यायला स्वतः शिकणारं न्यूरल नेटवर्क आहे की! स्टॉकफिशने २०२४ मध्ये १६.१ आवृत्तीत हाताने लिहिलेलं मूल्यमापन काढूनच टाकलं, खरं आहे. त्यांच्या प्रशिक्षणातल्या पोझिशनचा डोंगर मात्र तुमच्या लॅपटॉपवर नाही. तुमच्या छोट्या नेटवर्कने चुकीच्या रंगाचा उंट किती वेळा पाहिलाय, ते आधी मोजा.

सुरुवातीपासून खेळवलेल्या डावांत हे बदल दिसतच नाहीत, इतके ते विरळ. मी अशा पोझिशनची वेगळी फाइल ठेवतो आणि प्रत्येक पोझिशन रंग उलटवूनही चालवतो. काळ्याचं प्यादं एच१ वर वजीर होतं आणि ते घर पांढरं असतं. माझ्या कोडमध्ये तिथेही एच८ च लिहिलेलं सापडलं होतं.