नोहाचे तारू: मोजायचे, बांधायचे, पाण्यात सोडायचे

गोष्ट सांगून झाली की चित्र रंगवायला द्यायचे, ही संडे स्कूलची (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाची) जुनी रीत. मूल अर्धा तास गुंतते खरे. पण दोन दिवसांनी विचारा, त्याला हत्तीचा रंग आठवतो, नोहा नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हातातले काम गोष्टीतूनच निघालेले हवे. बायबलमधली नोहाची गोष्ट, म्हणजे देवाने आणलेल्या महापुरातून तो तारूत घरच्यांना आणि प्राण्यांना वाचवतो ती (उत्पत्ती हे पुस्तक, अध्याय ६ ते ९), त्याला फार सोयीची: मोजणे, बांधणे, डांबर लावणे, पक्षी सोडणे, सगळे तिथेच लिहिलेले आहे.

प्राणी आधी करून ठेवा, कारण ते वाळायला वेळ लागतो. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडे थोडे घाला; गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. प्राणी दोन-तीन सेंमीचे आणि बसलेलेच करा, उभ्यांचे पाय वाळताना मोडतात. सावलीत दोन-तीन दिवस, रोज उलटून. उन्हात ठेवले तर वरचा थर आधी सुकतो आणि तडा जातो. पावसाळ्यात मीठ हवेतली ओल ओढते, म्हणून त्या दिवसांत कागदाचे प्राणी बरे. हा गोळा तोंडात जाऊ देऊ नका. इतके मीठ लहान मुलाला बाधते. सगळे प्राणी दोन-दोनच नव्हते, शुद्ध, म्हणजे देवाला अर्पण करायला चालणारे, पशू सात-सात होते (७:२), तेव्हा मेंढ्या जास्त वळा. माणसे आठ: नोहा, त्याची बायको, शेम, हाम, याफेथ आणि तिघांच्या बायका. आठ राजम्यांवर डोळे काढले की झाले. मूल तीनच्या आतले असेल तर राजमे नकोत, नाकात जातात.

आता तारू. हा शब्द मुलांना नवा असतो. एकदा “मोठं जहाज” म्हणून सांगा आणि पुढे तारूच म्हणा. लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंमी. पलंग आधी मुलाच्या हाताने मोजा, मग बाबांच्या. आकडे जुळत नाहीत, त्यातच मजा आहे. मग १० हातांना १ सेंमी धरा. ३० × ५ × ३ सेंमी, म्हणजे लांबी बरोबर मोठ्या पट्टीएवढी. चित्रांतल्या गोलमटोल होडीशी याचे काही नाते नाही.

जाड कार्डशीटचा ३६ × ११ सेंमीचा तुकडा घ्या. चारही कडांपासून ३ सेंमीवर रेघा मारा, शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून घ्या. घडी घालण्याआधी दोन्ही बाजूंना पांढरी मेणबत्ती जोर लावून घासा, रेघांवर दोनदा. हे काम मुलाचेच, कारण ‘आतून-बाहेरून डांबर लाव’ ही आज्ञा (६:१४) इथेच सांगायची. मग कडा उभ्या करा. कोपरे कापू नका. कापलेल्या कोपऱ्यातूनच पाणी शिरते. कोपऱ्याचा चौकोन तिरका दुमडून त्रिकोण करा आणि तो बाहेरून आखूड बाजूवर वळवा. दोन्ही त्रिकोण वरच्या काठाला एक सेंमीभर एकमेकांवर चढतात, तिथे स्टेपल करा. मेणावर टेप धरत नाही, आणि स्टेपल खाली मारला तर त्याच्या भोकातून गळते.

असेच एक तारू मेण न लावता करा. दोन्ही टबात सोडा. बिनमेणाचे तारू मऊ पडून वाकू लागले की “डांबर कशाला?” हे समजावत बसावे लागत नाही. माल भरताना लक्षात ठेवा: १५० ग्रॅमला हे तारू एक सेंमी बुडते, ३०० च्या पुढे जाऊ नका. तळ अरुंद आहे, म्हणून सगळे प्राणी एका बाजूला लावले की कलंडते. ते एकदा कलंडू द्या.

पक्ष्यांचा खेळ दुसऱ्या दिवशी. पाणी ओसरले का ते पाहायला नोहाने पक्षी सोडले होते. टबात एक दगड पूर्ण बुडवा, तो अराराट, म्हणजे तारू जिथे टेकले तो डोंगर. आधी कागदी कावळा, तो येरझारा घालतो. मग कबुतर, ते रिकामे परत येते. सात टाळ्या म्हणजे सात दिवस, तेवढ्या वेळात मुलाने वाटीने पाणी काढायचे. दुसऱ्यांदा कबुतराच्या चोचीत जैतुनाचे पान. ते घरी कुठले, कढीपत्त्याचे चालते. पुन्हा सात टाळ्या, पुन्हा पाणी उपसा. तिसऱ्यांदा कबुतर येत नाही. तेव्हा दगड वर दिसायला हवा, म्हणून किती वाट्या लागतात ते आधी मोजून ठेवा.

“बाकीच्यांचं काय झालं?” हा प्रश्न येणारच. टाळू नका, रंगवूही नका. ते वाचले नाहीत, आणि माणसांच्या वागण्याने देवाला फार वाईट वाटले होते (६:६), एवढे पुरे. “तू त्रास दिलास तर तुलाही” असे मात्र चुकूनही नको. पुन्हा असा पूर आणणार नाही, या देवाने पुढे दिलेल्या वचनाच्या (९:११) ते अगदी उलट आहे.

या वचनाची खूण म्हणजे इंद्रधनुष्य. ते कागदावर काढण्यापेक्षा अंगणात दाखवा. बायबलात सात रंग मोजलेले नाहीत, नुसते मेघातले धनुष्य आहे. ऊन उतरल्यावर, चारनंतर, सूर्य पाठीशी घेऊन फवाऱ्याच्या बाटलीतून बारीक तुषार उडवा. समोर गर्द झाड किंवा काळी भिंत हवी. भर दुपारी करू नका, सूर्य डोक्यावर असला की ते समोर दिसत नाही.