घरचा सर्व्हर: लावणं सोपंय, चालू ठेवायचं कसं ते बघू

घरी सर्व्हर, म्हणजे घरचे फोटो, फाईली, सिनेमे सांभाळणारा चोवीस तास चालू कॉम्प्युटर, लावायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं ॲप टाकू, फोटो-फाईलींना इमिच का नेक्स्टक्लाउड, सिनेमांना जेलीफिन का प्लेक्स. ते सगळं एका संध्याकाळी होतं हो. कटकट सुरू होते नंतर, घरच्यांचे फोटो त्यात गेलेले असतात आणि आपला उत्साह ओसरलेला असतो तेव्हा. म्हणून इथे ॲपबद्दल कमी आणि लाईट, डिस्क, बॅकअप ह्याबद्दल जास्त लिहितोय.

मशीन नवं कोरं घेऊ नका. ऑफिसांमधून निघालेले रिफर्बिश्ड मिनी पीसी, म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, हे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतात. इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय-५ आणि किमान ८ जीबी रॅम बघा, १६ असेल तर उत्तमच. असं मशीन निवांत बसलेलं असताना साधारण १० ते १५ वॅट खातं, म्हणजे महिन्याला ७ ते ११ युनिट. तेच जुना डेस्कटॉप चोवीस तास ठेवला आणि तो ६० वॅट खात असेल तर झाले ४३ युनिट, आणि ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत बसतं त्यांचा स्लॅब बदलून जाईल, मग घरात उत्तरं तुम्हीच द्या. जुना लॅपटॉपही चालतो, फक्त झाकण लावल्यावर झोपू नये ह्याची सेटिंग लिनक्समधल्या सिस्टिमडीच्या लॉगइंड ह्या सेटिंग फाईलमध्ये करायची, आणि बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायचं, कारण सतत फुल चार्ज राहिलेली बॅटरी फुगू शकते. फुगलेली दिसली तर "बघू नंतर" करू नका, लगेच काढा.

आता लाईट. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते, कोकणात पावसाळ्यात कधीही जाते, त्यामुळे सर्व्हरने स्वतः नीट बंद होणं आणि स्वतः परत चालू होणं ह्या दोन्ही गोष्टी जमल्या पाहिजेत. बायोसमध्ये लाईट आल्यावर काय करायचं अशी एक सेटिंग असते, ती पॉवर ऑनवर ठेवा. आणि रिफर्बिश्ड मशीन असेल तर आतला सीआर२०३२ सेल आल्या आल्या बदलून टाका, तो मेला की बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात, मग लाईट गेली की मशीन परत उठतच नाही आणि तुम्ही नेमके बाहेरगावी असता.

घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे बहुतेक वेळा यूपीएस मोडचं बटण असतं, ते दाबलेलं नसेल तर ट्यूबलाईट, पंखे चालू राहतात पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घेताय तर यूएसबी पोर्टवाला घ्या आणि त्यावर नट नावाचं सॉफ्टवेअर लावा, बॅटरी संपत आली की ते सर्व्हरला व्यवस्थित बंद करतं. ह्यात एक गोम आहे. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस पूर्ण संपायच्या आतच लाईट आली तर सर्व्हरच्या दृष्टीने करंट कधी गेलाच नव्हता, त्यामुळे तो उठणार नाही. ह्यासाठी नटमध्ये बंद होताना यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगायची सोय आहे, तुमच्या यूपीएसला ते जमतं का हे चालू करून बघा. राउटर आणि फायबरचा डबा पण बॅकअपवर हवा, त्याला १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस पुरतो.

ऑपरेटिंग सिस्टिमवर वाद नको, डेबियन लिनक्स टाका, त्यातला डेस्कटॉप (खिडक्या-आयकॉनवाला भाग) टाकू नका, एसएसएच की (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरायची किल्लीची फाईल) लावून पासवर्डने लॉगिन बंद करा, अनअटेंडेड अपग्रेड्स (आपोआप होणारे अपडेट) चालू करा, राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी रिझर्व्ह करा म्हणजे तो बदलणार नाही. झालं.

डिस्कपाशी मात्र थोडं थांबायला हवं. डेटाची डिस्क वेगळी ठेवा आणि एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची ह्याची यादी) तिच्या यूयूआयडीने, म्हणजे ओळख नंबराने, लिहा, एसडीए एसडीबी असं लिहू नका, ती नावं बूटला बदलू शकतात. सोबत नोफेल हा ऑप्शन घाला म्हणजे डिस्क सापडली नाही तरी मशीन बूट होईल. पण मग दुसरी भानगड होते: डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही, तरी डॉकर (प्रत्येक ॲप वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर) चालू होतो आणि तुमचे कंटेनर, म्हणजे ते डबे, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिम असलेल्या छोट्या एसएसडीवर, खुशाल लिहीत बसतात, इमिच म्हणतं फोटोच नाहीत आणि एसएसडी भरून जाते. ह्याला एक छान जुगाड आहे. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडने इम्युटेबल (बदलता न येणारं) करून टाका. आता डिस्क लागलेली नसेल तर तिथे रूटलाही (सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही) लिहिता येत नाही, कंटेनर एरर देऊन पडतो, आणि तेच तर आपल्याला हवंय. डिस्क लागली की तिच्यात नेहमीसारखं लिहिता येतं.

डॉकरमध्ये तीन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, प्रत्येक ॲपचं वेगळं फोल्डर आणि त्यात त्याची कंपोझ फाईल (ॲप कसं चालवायचं ते लिहिलेली). दोन, कंटेनरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये वाढतच जातात, त्यांना कमाल साइझ द्या, आणि ती नव्या बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते तेव्हा जुने परत बनवा. तीन, इमेजला (ज्यावरून कंटेनर बनतो त्या साच्याला) लेटेस्ट टॅग लावून मोकळे होऊ नका, व्हर्जनचा आकडा लिहा, विशेषतः पोस्टग्रेस डेटाबेसला, कारण त्याचं मेजर व्हर्जन बदललं की जुना डेटा आहे तसा उघडत नाही. आणि हो, यूएफडब्ल्यू फायरवॉल लावली म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकरने उघडलेले पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची दारं) तिला वळसा घालून जातात.

सुरुवात एकाच ॲपने करा. माझं मत इमिच, कारण गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकट अमर्यादित जागा बंद केल्यापासून घरात प्रत्येकाला स्टोरेज भरलंय असा मेसेज येतच असतो, त्यामुळे घरचे ते आनंदाने वापरतात. पायहोलने (वेबसाइटचे पत्ते शोधून देणारी डीएनएस सेवा स्वतः चालवून जाहिराती अडवणारं ॲप) सुरुवात करू नका. सर्व्हर बंद पडला की सगळ्या घराचं इंटरनेट बंद आणि दोन मिनिटांत बोंब. त्यावर लोक राउटरमध्ये दुसरा पब्लिक डीएनएस टाकतात, मग फोन मनाला येईल तो वापरतो आणि जाहिराती परत दिसायला लागतात.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरमध्ये वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ ह्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलाय, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. स्टॅटिक आयपीला पैसे भरण्यापेक्षा टेलस्केल (तुमची मशीन आपसात जोडणारं खाजगी नेटवर्क) टाका, आतून वायरगार्ड व्हीपीएनच आहे, आणि फोनवर ॲप टाकलं की झालं. पब्लिक आयपी असला तरी मी हेच सांगेन, सगळ्या जगाला दार उघडून ठेवायची काही गरज नाही.

बॅकअप. रेड (एकच डेटा दोन डिस्कवर एकदम लिहिणं) म्हणजे बॅकअप नाही, एका डिस्कवरून डिलीट केलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं. रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर घ्या, रोज रात्री क्रॉनने किंवा टायमरने (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयी) एका यूएसबी डिस्कवर चालवा आणि दुसरी एक डिस्क भावाकडे किंवा गावी ठेवून महिन्या दोन महिन्यांनी तिच्यावर कॉपी घ्या. इमिचचे नुसते फोटो घेऊन भागत नाही, अल्बम, चेहरे हे सगळं डेटाबेसमध्ये असतं. इमिच स्वतः रोज डेटाबेसचा डम्प (पूर्ण नक्कल) काढून स्टोरेजमधल्या बॅकअप्स फोल्डरमध्ये ठेवतं, ते फोल्डर रेस्टिकच्या यादीत आहे ना एवढं नक्की बघा. चालू डेटाबेसच्या फाईली सरळ उचलून कॉपी केल्या तर त्या परत उघडतीलच असं नाही. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, म्हणून तो कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फाईलीत ठेवा. आणि घरच्यांना फोनमधले फोटो डिलीट करायला सांगायच्या आधी एकदा जुन्या लॅपटॉपवर सगळं रिस्टोअर करून, इमिच चालू करून, अल्बम दिसतात का ते बघा.

महिन्याला अर्धा तास द्या. डिस्कच्या तब्येतीचा एसएमएआरटी रिपोर्ट काढा, पाच, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळींतला रॉ आकडा शून्य हवा, वाढत असेल तर नवी डिस्क मागवा. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. एसएसडीवर किती जागा उरलीय बघा, जुन्या इमेज साफ करा, रेस्टिकचं चेक चालवा, रिलीज नोट्स वाचून एकेक ॲप अपडेट करा, सगळी एकदम नाही, म्हणजे काय बिघडलं ते कळतं. अपटाइम कुमा (सर्व्हर चालू आहे का ते बघत राहणारं ॲप) लावलं असेल तर टेलिग्रामवर मेसेज येतो, पण ते सर्व्हरवरच बसवलंय तर सर्व्हर मेल्यावर तेही गप्प, त्यामुळे ते दुसऱ्या मशीनवर ठेवा, जुना रास्पबेरी पाय (हातात मावेल एवढा कॉम्प्युटर) पुरे. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर हातात असतोच, तेव्हा मशीन बंद करून मिनी पीसीची जाळी पण मारून घ्या, फक्त फॅन बोटाने धरून, नाहीतर तो गरगर फिरून बेअरिंग खराब होतं.